सहलीची पूर्वतयारी : किती आणि कशाची ?

सहलीस निघणाऱ्या मंडळींचे दोन पंथ सर्वत्र आढळतात. पहिल्या पंथाचे लोक महिनाभर आधीं कागद-पेन्सिल घेऊन बसतात आणि कोणत्या घटकेस काय पाहावयाचें, कोठें बसावयाचें, किंबहुना कोठें हंसावयाचें, हेंहि लिहून ठेवितात. दुसऱ्या पंथाचे लोक आदल्या रात्रीं पिशवी भरतात व “तेथें गेल्यावर पाहूं” एवढ्या एकाच मंत्रावर गाडींत बसतात. पहिल्यांस दुसरे बेफिकीर वाटतात. दुसऱ्यांस पहिले कारकून वाटतात. हा वाद जुनाच आहे. परंतु ‘थीम पार्क’ नांवाचा जो सहलीचा नवा प्रकार आपल्याकडे रूढ झाला आहे, त्यानें ह्या वादास पुन्हां धार आली आहे. ह्या बाबतींत मला जें प्रत्यक्ष अनुभवास आलें, तें विद्यार्थिमित्रांपुढें ठेवावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु.

ज्यांनीं असें क्रीडोद्यान पाहिलें नसेल त्यांस त्याची कल्पना जत्रेवरून करतां येईल. वणीची रंगनाथस्वामींची जत्रा आपल्या जिल्ह्यांत सर्वांस ठाऊक आहे. जत्रेंतील आकाशपाळणे शतपटीनें मोठे करावे, त्यांस विजेचा वेग द्यावा, भोंवतीं कथांतले राजवाडे आणि गुहा उभ्या कराव्या व सर्वांस मिळून एक कुंपण घालावें, म्हणजे क्रीडोद्यान झालें. तथापि तयारीच्या दृष्टीनें दोहोंत मोठा भेद आहे. जत्रेस पूर्वतयारी लागत नाहीं असें आपण म्हणतों. पण खरें पाहतां ती तयारी आपल्या पूर्वजांनींच करून ठेविलेली असते. तिथि पंचांगांत असते, वाट पायाखालची असते, शिदोरी घरची असते. ज्या पाळण्यांत बसाल त्याचेच पैसे द्यावयाचे, आणि आज गर्दी झाली तर उद्यां पुन्हां यावयाचें. क्रीडोद्यानाचें तसें नाहीं. तेथें एका तिकिटांत सबंध दिवस विकत घ्यावा लागतो. तो दिवस आपणच आधीं निवडावा लागतो. बाहेरचे खाद्यपदार्थ आंत नेऊं न देण्याचा नियम बहुतेक ठिकाणीं असतो. आणि “उद्यां पुन्हां येऊं” असें म्हणण्याची सोय दूरच्या माणसास नसते.

आपण तर फारच दूरचे. मुंबईच्या गोराई बेटावर १९८९ सालीं एस्सेलवर्ल्ड उघडलें आणि तेथेंच १९९८ सालीं वॉटर किंग्डम हें जलोद्यान निघालें. २०१३ सालीं रायगड जिल्ह्यांत खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झालें. दुसऱ्या दिशेस हैद्राबादेजवळ रामोजी फिल्म सिटी १९९६ पासून आहे. पांढरकवडा, आदिलाबाद ह्या मार्गानें तिकडे जावयास यवतमाळहून सुमारें चारशें किलोमीटर पडतात. खोपोली तर सहाशें किलोमीटरांहूनहि लांब. मुंबईकर मुलगा सकाळीं उठून जाऊं शकतो. आपल्याकडील मुलाच्या बालपणांत असा दिवस एकदां आला तरी पुष्कळ.

२०२३ सालच्या दिवाळीच्या सुटींत आमच्या घरची मंडळी खोपोलीकडील ह्या क्रीडोद्यानास जाऊन आली. मंडळी म्हणजे माझी आई, वहिनी, चौदा वर्षांची पुतणी, नऊ वर्षांचा पुतण्या आणि मी. माझा वडील भाऊ बाभूळगांव तालुक्यांत शेती करतो. तो आला नाहीं. दिवाळीच्या सुमारास आपल्याकडे कापसाची वेंचणी भरांत असते. फुटलेलें बोंड कोणाच्या सुटीची वाट पाहत नाहीं, आणि मजूर मिळतील त्या दिवशीं धन्यानें शेतांत असावेंच लागतें. पांच माणसांच्या खर्चाचा अंदाज काढला तो सुमारें साडेतीन क्विंटल कापसाइतका भरला. त्या हंगामांत लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलास ७,०२० रुपये होता. हिशेब वाचकांनींच करावा. कोरडवाहू एकरांत चांगल्या सालीं जें पिकतें त्याचा हा मोठाच वांटा होय. एवढा पैसा एका दिवसाच्या करमणुकीस लावावा कीं नाहीं, ह्यावर आमच्या घरीं दोन रात्रीं बोलणें झालें. अखेर भाऊच म्हणाला, “पोरायले एकडाव घेऊन जाय; पन तेवढा दिवस वाया गेला नाई पायजे.”

त्याच्या ह्या एका वाक्यांत मला तयारीचें खरें मोजमाप सांपडलें. जें चुकलें असतां पुन्हां करतां येतें, त्यास तयारी थोडी पुरते. जें पुन्हां करतां येणार नाहीं, त्यास ती अधिक लागते. ज्याच्या खिशांत पैसा विपुल आहे, त्यास बेफिकिरी शोभून दिसते. कारण एक दिवस फुकट गेला तर तो दुसरा विकत घेऊं शकतो. गरिबाची दूरदृष्टि म्हणजे भित्रेपणा नव्हे. ती त्याची काटकसरच आहे.

आतां तयारी कशाची केली तें सांगतों. प्रथम प्रवासाची. यवतमाळहून मुंबईकडे जावयाचें तर पुष्कळ लोक धामणगांवास जाऊन गाडी धरतात. आम्हींहि तेंच केलें. त्या वेळीं रेल्वेचें आरक्षण प्रवासाच्या १२० दिवस आधीं करतां येत असे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांची झाली आहे. दिवाळीच्या गाड्यांत जागा मिळणें किती कठीण तें सर्वांस ठाऊक आहे; म्हणून आम्हीं आषाढ-श्रावणांतच, शेतांत डवरणी चालू असतां, परतीच्या जागांसह आरक्षण करून ठेविलें. पुढें कल्याणला उतरून कर्जतमार्गें खोपोलीची लोकल धरली. तो दिवस मुद्दाम मोकळा ठेविला होता. रात्रभराच्या प्रवासानें शिणलेल्या आईस तसेंच फाटकापाशीं नेऊन उभें करणें म्हणजे तिला सहलीस नेणें नव्हे, शिक्षा करणें होय. उद्यानासाठीं आम्हीं भाऊबिजेनंतरच्या आठवड्यांतील मधला वार निवडला. कारण शनिवार-रविवारीं व नाताळच्या सुटींत अशा ठिकाणीं गर्दीचा कळस होतो.

दुसरी तयारी उंचीची. वेगवान पाळण्यांवर बसण्यास ठराविक उंची लागते, कारण बसणाऱ्यास धरून ठेवणारा दांडा अमुक उंचीच्या शरीरासाठींच घडविलेला असतो. लहान मूल त्यांतून निसटण्याचा धोका असतो. माझ्या पुतण्याचें मन ज्या पाळण्यावर जडलें होतें, त्यास १४० सेंटिमीटर उंची हवी होती. मोबाईलवर त्याचें चित्र तो रोज पाहत असे व शाळेंतल्या मित्रांस सांगत असे. निघण्यापूर्वीं तीन आठवडे मीं त्यास दाराच्या चौकटीपाशीं उभें करून पेन्सिलीची खूण केली. भरले १३१. मुलगा तेथेंच रडूं लागला. वहिनी मजवर किंचित् रागावल्या, म्हणाल्या, “भाऊजी, आतांच कशाला सांगितलं? तिथं गेल्यावर आपोआप समजलं असतं.”

परंतु मला वाटतें, ही मोजणी हीच आमच्या साऱ्या तयारींतील सर्वांत उपयोगाची गोष्ट ठरली. मूल तासभर रांगेंत उभें राहतें, पुढच्या आरोळ्या ऐकतें, आणि अगदीं तोंडाशीं पोहोंचल्यावर मोजपट्टी त्यास परत फिरविते. त्या वेळीं त्याचें दुःख शंभर अनोळखी डोळ्यांसमोर होतें. घरीं रडण्यास आजीचा पदर असतो. तीन दिवस तो रुसला, चौथ्या दिवशीं त्यानें बहिणीस विचारलें, “मग मला चालणारे कोणते?” दोघांनीं मिळून यादी केली, आणि त्या यादींतले पाळणे त्याचे स्वतःचे झाले. निराशा टाळणें सदैव आपल्या हातीं नसतें. पण ती कोठें व्हावी, एवढें पुष्कळदां आपल्या हातीं असतें.

तिसरी तयारी वस्त्रांची. आणि तिच्यांत थोडी मौज आहे. जलोद्यानांच्या घसरगुंड्यांवर सुती कपडे सामान्यतः चालत नाहींत; नायलॉनचा पोहण्याचा पोषाख लागतो. सुती कापड पाणी पिऊन जड होतें व अंगास चिकटून घसरण अडवितें. वहिनींनीं हें ऐकलें तेव्हां त्या इतक्या हंसल्या कीं, विचारूं नका. ज्या जिल्ह्यानें पांढरें सोनें पिकवावें, त्यांतील माणसांनीं कापसाचे पैसे मोजून कापूसच बाहेर ठेवून आंत जावें ! त्यांनीं व आईनें जलोद्यानाचा नाद सोडला. तिकीटहि अर्थात् कोरड्या उद्यानाचेंच काढलें, आणि तेवढे पैसे वांचले.

आईची मागणी मात्र सर्वांत साधी होती. सत्तरीकडे झुकलेली, गुडघ्यांनीं अधू. ती म्हणाली, “मले सावली अन् पानी दाखव, मंग तुमी कुठीबी जा.” ह्या दोन शब्दांचें मोल फार मोठें आहे. अमेरिकेंत अनाहाईम येथें वॉल्ट डिस्ने ह्यांचें डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजीं उघडलें. वर्षभर शेंकडों माणसें राबत होतीं. कल्पनेस तोटा नव्हता. परंतु उद्घाटनाच्या दिवशीं ऊन कडक पडलें. खोट्या निमंत्रणपत्रिका घेऊन हजारों अधिक माणसें आंत शिरलीं. नव्यानें ओतलेलें डांबर मऊ होऊन बायकांच्या बुटांच्या टांचा त्यांत रुतूं लागल्या. आणि नळकाम करणाऱ्या कामगारांच्या संपामुळें पिण्याच्या पाण्याच्या पुष्कळ तोट्या कोरड्याच राहिल्या. पाण्याच्या तोट्या कीं शौचकूपें, ह्यांतून एकच काम वेळेवर होणें शक्य होतें, तेव्हां डिस्नेंनीं शौचकूपें निवडलीं. निवड शहाणपणाची होती. पण तहानलेल्या मुलांस तिचें काय? राजवाडा वेळेवर तयार झाला आणि पाणी राहून गेलें. माझ्या आईनें ती कथा कधीं ऐकली नव्हती. तरी तिचा प्रश्न नेमका तोच होता.

तेव्हां आंत पाऊल टाकतांच आम्हीं पहिलें काम केलें तें हेंच. एक सावलीची जागा, तेथून जवळ पाणी, आणि “कोणी चुकलें तर येथेंच यावयाचें” असा ठराव. आई तेथें बसली. मुलांच्या येरझारा तिच्याभोंवतीं दिवसभर चालल्या.

आणि ह्यापुढें तयारीची हद्द संपली. माझ्या पुतणीनें मोठ्या हौसेनें एक कोष्टक आखलें होतें. पाव पाव तासाचे रकाने, रंगीत शाई, खालीं सूचना. अकरा वाजेपर्यंत तें ठीक चाललें. मग धाकट्याला एक लहानसा, संथ पाळणा असा आवडला कीं, तो तीन वेळां त्यांतच बसला. कोष्टकांत त्याची नोंद एकदांच, तीहि दुपारीं. ताई रागावली, “अरे, आपले दोन रकाने मागं पडले!” तो म्हणाला, “पण मला हाच पाहिजे.” तिनें माझ्याकडे न्यायासाठीं पाहिलें. मी म्हणालों, “बेटा, हा दिवस तुझ्या बाबांनीं कोष्टक भरण्यासाठीं दिला नाहीं.” तिनें थोडा वेळ विचार केला, कागदाची घडी केली आणि आजीजवळ ठेवावयास दिली. त्यानंतर ती स्वतः मोठ्या रोलर कोस्टरवर गेली. उतरली तेव्हां तिचे पाय थरथरत होते, आणि तोंडावर जें हास्य होतें त्यास कोणताहि रकाना पुरला नसता. संध्याकाळीं मोजलें तर यादींतील निम्म्याच गोष्टी झाल्या होत्या. त्याबद्दल कोणीहि हळहळलें नाहीं.

ह्यावरून माझें मत असें बनलें आहे. क्रीडोद्यानाच्या सहलीस तयारी हवी, आणि ती कसून हवी. परंतु ती फाटकाबाहेरच्या गोष्टींची. वार, गाडी, मुक्काम, खर्चाची मर्यादा आणि नियम, एवढ्यांत कसूर करूं नये. आंतल्यासाठीं दोनच गोष्टी ठरवाव्या : प्रत्येकास अगदीं हवी अशी एकेक वस्तु, आणि सर्वांस सांपडेल अशी एक बसावयाची जागा. बाकीचा दिवस मोकळा सोडावा. शेतकरी नांगरतो, पेरतो, निंदतो, कुंपण घालतो. पण बोंड कोणत्या सकाळीं फुटावें ह्याचें कोष्टक तो आखीत नाहीं. तें काम त्याचें नव्हे, हें तो जाणतो.

आणखी एक. तयारी करतांना आपण बहुधा मंडळींतल्या सर्वांत उत्साही माणसाच्या पायांनीं अंतर मोजतों. त्याऐवजीं सर्वांत लहान मुलाची उंची आणि सर्वांत वृद्ध माणसाचे गुडघे, हीं दोन मापें हातीं घ्यावीं. त्यांचें निभावलें कीं बाकीच्यांचें आपोआप निभावतें. विद्यार्थिमित्रहो, तुम्ही मोठे व्हाल, कमवाल, आणि कधीं तरी घरच्यांस अशा सहलीस न्याल. त्या वेळीं घरीं राहून ज्यानें वेंचणी सांभाळली, त्याच्यासाठीं पुढच्या उन्हाळ्यांत, शेत रिकामें असतां, दोन दिवस राखून ठेवण्याची तयारी मात्र त्याच कागदावर करावी. आम्हीं ती केली. आणि त्या खेपेस कोठें जावयाचें तें भावानेंच ठरविलें.