उजव्या नळीची पिन

दिवाळीच्या आधी गावी गेलो होतो तेव्हाची गोष्ट. भात कापणीला आलेलं आणि रात्री रानडुकरांचा धुडगूस. काकांनी आजोबांची दुनळी बंदूक काढली. शेतीसंरक्षणाचा परवाना आता काकांच्या नावावर आहे. बांधावर उभं राहून त्यांनी हवेत बार काढायला चाप ओढला आणि... टक्! नुसता टक्. काकांनी लगेच बंदूक उघडून काडतूस बाहेर काढलं. दुसरं घातलं, परत टक्. डावी नळी मात्र व्यवस्थित वाजली.

"काडतुसं सर्दावली असणार," काका म्हणाले. कोकणातला पाऊस बघता मलाही पटलं.

सकाळी मात्र काडतुसं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. बुडाच्या मधोमध जी छोटी टोपी असते, तिच्यावर पिन आदळली की बार उडतो. डावीकडच्या टोपीवर छान खोल खळगा, उजवीकडच्या दोन्हींवर नुसता ओरखडा. म्हणजे काडतुसं बिचारी निर्दोष! पुढचा चाप उजव्या नळीचा, म्हणून पहिला बार कायम तिचाच. चाळीस वर्षांत पिन झिजली होती.

मी म्हटलं, "काका, एवढीशी पिन, नाक्यावरच्या लेथवाल्याकडून करून घेऊ की. जरा लांबच करू, म्हणजे परत कटकट नको!"

नशीब, काकांनी ऐकलं नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार बंदूक दुरुस्त करायलाही परवाना लागतो. परवाना असलेल्या कारागिराकडे गेलो, तर माझी आयडिया ऐकून तो म्हातारा हसला. म्हणाला, "पिन लांब झाली तर टोपी फुटते. मग गरम वायू मागे येतो, थेट तोंडावर. पोलाद मऊ राहिलं तर टोक चेपतं, फार कडक झालं तर मोडतं." दोन्ही पिना एकाच वयाच्या, म्हणून त्याने दोन्ही बदलल्या.

मग त्याने काकांना विचारलं, "बार उडाला नाही तेव्हा काय केलंत?"

"काय करणार? उघडली लगेच."

म्हातारा एकदम गप्प झाला. कधीकधी बार उशिरा पेटतो म्हणे. नळी मोकळ्या दिशेला धरून निदान तीस सेकंद थांबायचं, मगच उघडायची. त्या रात्री काका दोनदा तसेच थांबले नव्हते, आणि मी शेजारीच टॉर्च धरून उभा होतो.

आता काका मोठ्याने तीसपर्यंत मोजायचं कबूल करतात. मी मात्र ऑफिसात प्रोग्रॅम अडकला की अजून लगेच परत रन करतो. असो, तिथे निदान तोंडावर काही उडत नाही!