फौजदार

फौजदाराला कुणी उचलून घेतलेलं मुळीच खपत नसे. घरी आलेला पाहुणा "अय्या, किती गोड!" म्हणत खाली वाकायचा आणि मागच्या पायांची सणसणीत लाथ खाऊन उठायचा. ससा म्हणजे मांडीवर घेऊन बसायची वस्तू, अशी ज्यांची समजूत होती त्यांना आमच्या साताऱ्याच्या घरात तिने चांगलंच शहाणं करून सोडलं.

हो, फौजदार ही मादी. नाव पडलं तेव्हा ते कळलं नव्हतं. सशाचं पिल्लू नर की मादी हे ओळखताना भलेभले फसतात. पुढे खुलासा झाला तेव्हा नाव बदलायचं का, असा विषय निघाला. सासूबाई म्हणाल्या, "बाईमाणूस फौजदार हुईत न्हाई व्हय? ऱ्हाऊ दे की." राहिलं.

मे महिन्यातली गोष्ट. संध्याकाळी वळीव कोसळून गेला आणि गल्लीतली पोरं हापूसचं एक भिजलेलं खोकं घेऊन दारात आली. कचराकुंडीच्या आडोशाला सापडलं म्हणे. आत ओल्या पेंढ्यात पाच पिल्लं. डोळे नुकते किलकिले झालेले, कान पाठीला चिकटलेले. सशाची पिल्लं डोळे मिटलेली आणि उघडीनागडी जन्मतात. दहा-बारा दिवसांनी डोळे उघडतात, तोवर अंगावर मऊ लव आलेली असते. म्हणजे ही तेवढीच असावीत. व्यायच्या आधी सशीण स्वतःच्या छाती-पोटाचे केस उपटून घरट्याला अस्तर करते. त्या खोक्यात त्यातला एक केस नव्हता. कुणीतरी हौसेने जोडी आणली असणार. सशिणीला दिवस जातात ते जेमतेम एक महिना. मग घरात पिल्लंच पिल्लं, आणि घरातल्या कुणाला तरी आठवलं असणार की आंब्याचं खोकं रिकामं आहे.

मी दूध तापवायला धावले, तर सासूबाईंनी हात धरला. त्यांचं माहेर कराडकडचं, दावणीला शेळ्या. "आदी ऊब, मग दूद. गार पडल्याल्या पोटात दूद ऱ्हाईत न्हाई." गरम पाण्याच्या बाटलीला त्यांचं जुनं लुगडं गुंडाळून पिल्लं तिच्या कडेला ठेवली. ओळखीचे एक पशुवैद्य होते, सगळी हयात गाई-म्हशींत गेलेली. पण मध्यंतरी ससेपालनाची टूम निघाली होती तेव्हा काही शेडवर ते जात असत. त्यांनी फोनवर तेच सांगितलं आणि पुढची भर घातली. गाईचं दूध नको, शेळीचं मिळवा. अंथरायला कापूस नको, तंतू पायात गुंततात. आणि पाजायचं दिवसातून दोनदा.

"दोनदाच?" सासूबाई भडकल्या. "लेकरं हायती ती!"

पण सशिणीची रीतच तशी. ती पिल्लांपाशी बहुधा दिवसातून एकदा जाते, तीन-चार मिनिटं पाजते आणि निघून येते. तिचं दूध इतकं दाट असतं की तेवढ्यावर त्यांचा दिवस निघतो. बाकी वेळ ती लांबच राहते. कारण तिच्या येण्या-जाण्यावरूनच तर शिकाऱ्याला घरट्याचा पत्ता लागायचा. आमच्या घराला हे जमणं महाकठीण. आपल्याकडे माया म्हणजे भरवणं आणि कुरवाळणं. सकाळपासून शेजारपाजार दर्शनाला यायचा, कुणी पोळीचा तुकडा आणायचं, कुणी ग्लुकोज बिस्किट. शेवटी खोकं आतल्या खोलीत गेलं आणि दाराला कडी लागली.

पाजणं म्हणजे नाजूक काम. पिल्लाला मुठीत उभं धरायचं, ड्रॉपर ओठांच्या कडेला, एकेक थेंब. "निजवून पाजू नगंस, ठसका लागंल," ही सूचना प्रत्येक वेळी पाठीमागून यायची, आणि ती बरोबरच होती; दूध एकदा फुप्फुसात गेलं की एवढ्याशा जिवाचं काही चालत नाही. पोट टम्म पुरीसारखं दिसलं की थांबायचं. मग कोमट पाण्यात भिजवलेला कापूस ढुंगणापाशी हलकेच फिरवायचा. एरवी आई चाटते तेव्हाच ती लघवी करतात. फौजदार त्या पाचांत सगळ्यात लहान, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ऐंशी ग्रॅमच्या आसपास. रोजची वजनं कालनिर्णयवर, गवळ्याच्या हिशेबाशेजारी लिहायची. ज्या दिवशी आकडा वाढायचा त्या दिवशी सासूबाईंच्या चहात साखर जास्त पडायची.

दोन पिल्लं गेली. एक पहिल्याच रात्री, दुसरं पोट फुगून.

उरलेली तिघं गवत कुरतडायला लागली तसे सल्ले सुरू झाले. "अजिंक्यताऱ्यावर सोडून द्या की, निसर्गात राहतील." हा सल्ला देणाऱ्यांत शिकलेली माणसं जास्त, हे विशेष. आपल्या डोंगरात दिसतो तो ससा वेगळाच प्राणी. त्याची पिल्लं केसांसकट आणि उघड्या डोळ्यांनी जन्मतात. तो बीळ खणत नाही, गवतात दबून बसतो आणि जिवावर बेतलं की तीरासारखा सुटतो. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे, त्याला घरात आणताच येत नाही. पाळीव सशाचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचे, बिळात राहणारे. पिढ्यान्‌पिढ्या खुराड्यात वाढलेलं पांढरंशुभ्र पिल्लू किल्ल्याच्या उतारावर सोडणं म्हणजे मुंगसाला पान वाढणं.

दोघांना वाईला माझ्या नणंदेकडे घर मिळालं. फौजदार राहिली.

नाव पडलं ते तिच्या पाय आपटण्यावरून. धोका वाटला की ससा मागचा पाय जमिनीवर दाणकन आपटतो. बिळातल्या गोतावळ्याला इशारा असतो तो. आमच्याकडे बीळ नव्हतं, गोतावळा म्हणजे आम्ही. बोका गच्चीत आला, दाण! कुकरची तिसरी शिट्टी, दाण! रात्री दोन वाजता कशासाठी, हे तिचं तिलाच माहीत. दिवाळीत मात्र हा विनोद संपायचा. फटाक्यांच्या धसक्याने ससा मरूही शकतो, म्हणून ते दिवस खिडक्या लावून, रेडिओ मोठ्याने सुरू ठेवून काढायचे.

दात. सशाचे दात जन्मभर वाढतात, आणि वरच्या पुढच्या दोन दातांमागे आणखी दोन बारके असतात. म्हणूनच शास्त्रज्ञांनी त्याला उंदरांच्या गणातून केव्हाच वेगळं काढलं. आमच्या सोफ्याला या वर्गीकरणाचा काही उपयोग झाला नाही. दोन चार्जर, पायपुसणी, पंचांगाचा एक कोपरा, सगळं झिजवून झालं. गाजर मात्र क्वचितच. ते गोड, जास्त झालं की पोट बिघडतं. मुख्य खाणं गवत, वर गाजर-मुळ्याचा पाला, कोथिंबीर. पहाटे ती मान वळवून स्वतःचीच मऊ लेंडी थेट बुडाशी तोंड लावून खायची. सासूबाईंनी ते पाहिलं त्या दिवशी तिला देवघराच्या खोलीत बंदी झाली. गाय रवंथ करते, ही दुसऱ्यांदा गिळते, एवढाच फरक, असं मी समजावलं. "गाईचं गाईपाशी," त्या म्हणाल्या.

बंदी टिकली नाही. एक दिवस फौजदाराने देव्हाऱ्याच्या पायाला हनुवटी घासली. सासूबाई विरघळल्या, नमस्कार करतंय म्हणाल्या. सशाच्या हनुवटीखाली गंधग्रंथी असतात, घासली की ती वस्तू त्याच्या मालकीची होते. हे मी त्यांना सांगितलं नाही. देव्हाऱ्यानंतर पाट, जपाची पिशवी आणि सासूबाईंची काठी अशी सगळी इस्टेट तिच्या नावावर चढली.

उन्हाळा तिला सोसत नसे. दुपारी न्हाणीतल्या शहाबादी फरशीवर पाय लांब सोडून पडायची. कान उताणे, त्यांतल्या लालसर शिरा स्पष्ट दिसायच्या. ससा अंगातली उष्णता कानांवाटे बाहेर टाकतो. वयात आल्यावर पुण्याला नेऊन तिचं गर्भाशय काढलं, कारण सशिणींना उतारवयात तिथे कर्करोग फार होतो. ऑपरेशनआधी उपाशी ठेवायचं नाही, असं सांगितलं तेव्हा आश्चर्य वाटलं. सशाला उलटीच होत नाही आणि पोट रिकामं राहिलं तर आतडी थंडावतात.

जवळ यायची ती फक्त संध्याकाळी, मेथी निवडायच्या वेळी. सासूबाई पाय पसरून बसायच्या, ही त्यांच्या पोटरीला पाठ टेकून. देठ एकीकडे, पानं दुसरीकडे, देठ तिचे. मध्येच त्यांचा हात तिच्या कपाळावर जायचा, ती दात हलकेच कुरकुरवायची. हात पाठीवरून पुढे सरकला की मात्र उठून हातभर लांब जाऊन बसायची. सासूबाईंना त्याचा कधी राग आला नाही. "तिला पायजे तवा येती. मला बी आसंच पायजे," एवढंच.

आठव्या वर्षी फौजदार म्हातारपणाने गेली. त्यानंतर काही दिवसांनी ओळखीतल्या एका बाईंचा फोन आला. मुलीचा वाढदिवस आहे, ससा घ्यायचाय, तुम्हाला अनुभव आहे तर सांगा, कुठे छान मिळेल? मी शब्द जुळवत होते तोवर सासूबाईंनी फोन काढून घेतला.

"सोफा केवढ्याचा हाय गं तुमचा?"