रुळणे

एखादा नवा शब्द भाषेत रुळतो म्हणजे काय होते, हे मी तीस वर्षे वर्गात सांगत आलो. रुळण्यापूर्वी घाई केली तर काय होते, हे मात्र मला एका करवतीने शिकवले.

नांदेड जिल्ह्यातील आमच्या वडिलोपार्जित घरावर एक वठलेला कडुनिंब झुकला होता. मृग तोंडावर आला होता. वादळात झाड घरावर कोसळेल, या धास्तीने मी लातूरहून धावत आलो आणि एका जुन्या विद्यार्थ्याला बोलावले. बारावीनंतर शिक्षण सोडून तो झाडे तोडण्याच्या कामाला लागला होता. पेट्रोलवर चालणारी साखळीची मोठी करवत त्याने नुकतीच कर्ज काढून घेतली होती.

"सर, मशीन नवी आहे. पहिल्या तीन टाक्या तरी बेतानं चालवू द्या," तो म्हणाला.

"अरे, पाऊस काय तुझ्या टाक्या मोजत थांबणार आहे?" मी म्हणालो.

माझ्या शब्दाखातर त्याने बेत सोडला. यंत्राला जोर यावा म्हणून एका कारागिराकडून सायलेन्सरचे तोंडही मोठे करून आणले. दुसऱ्या दिवशी खोडात पाते शिरले, यंत्र किंचाळल्यासारखे ओरडले आणि जाम झाले.

इंजिन उघडल्यावर त्याने मला पिस्टनवरचे उभे ओरखडे दाखवले. नव्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत एकमेकींना सरावलेल्या नसतात. हलक्या कामात त्या हळूहळू बसतात. शिवाय या इंजिनाला वंगण मिळते ते इंधनातूनच. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण वीस मिलिलिटर तेल. सायलेन्सर मोकळा केला, तर कार्बोरेटरही त्या बेताने जुळवावा लागतो. तसे न केल्यास हवा वाढते, त्या मानाने इंधन कमी पडते, उष्णता वाढते आणि धातू धातूला ओरबाडतो. कारागिराने हे जुळवलेच नव्हते. पण त्याला दोष देण्याचा अधिकार मला नव्हता. घाई माझी होती.

दुरुस्तीचा खर्च मी दिला. तो घेताना त्याला संकोच वाटला. देताना मला त्याहून अधिक. झाड अखेर दोरखंड बांधून, दोघांनी ओढायच्या जुन्या करवतीने दोन दिवसांत उतरवले. पाऊस त्यानंतर आठवड्याने आला.

पुढे त्याने यंत्र रीतसर रुळवले. सुरुवातीला बारीक फांद्याच घेतल्या. भार नसताना इंजिन तो पूर्ण वेगात पळवीत नसे. नवी साखळी तापून सैल होते, म्हणून यंत्र थांबवून, साखळी थंड झाल्यावर तिचा ताण पाही. कानशीने तिचे दात स्वतः लावी. "पीठ पडायला लागलं की दात बोथट, ढलप्या उडाल्या की समजायचं, धार आहे," तो सांगे. जोर वाढवण्याआधी धार पाहावी, हे त्याचे नवे सूत्र. अमेरिकेतील ओरेगॉनमध्ये जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे निरखले आणि १९४७ साली त्या धर्तीच्या दातांची साखळी विकायला काढली. अळीकडे कुठले आले अश्वबळ? तिच्यापाशी दातांची योग्य ठेवण होती.

आपल्याकडे गोऱ्ह्याला पहिल्याच दिवशी जड औताला जुंपत नाहीत. सासरी आलेली सून रुळते, पायवाट रुळते, परका शब्दही रुळतो. या साऱ्यांत 'रुळणे' हे अकर्मक क्रियापद आहे. आपण फार तर 'रुळवतो', म्हणजे रुळायला अवसर देतो; रुळायचे ते ज्याचे त्यानेच. माझ्या व्याकरणात हा भेद पक्का होता, वागण्यात नव्हता.

परवा त्याने मुक्त विद्यापीठात बी.ए.साठी प्रवेश घेतला. पुस्तकांचा गठ्ठा घेऊन आला आणि म्हणाला, "सर, लई वर्षं वाया गेली. महिन्याभरात सगळं वाचून काढतो."

मी त्याला त्याच्याच तीन टाक्यांची आठवण करून दिली.