ऊन पाण्याचा इतिहास

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड येतात, तह येतात, सनावळ्या येतात. महाविद्यालयात इतिहास हा विषय घेतल्यापासून माझीही तीच स्थिती आहे. परंतु ज्या गावी आमच्या घरची माणसे वर्षानुवर्षे जात आली, त्या गावाची माहिती वाचू लागले तेव्हा एका प्रश्नाने मला घेरले. गावाचा इतिहास म्हणजे तेथे येऊन गेलेल्या थोरांचाच इतिहास काय?

ते गाव म्हणजे वज्रेश्वरी. आमच्या मोहन्याहून कल्याण, भिवंडी, अंबाडी असा प्रवास करीत गेले की तानसा नदीच्या खोऱ्यात, डोंगरांच्या कुशीत हे गाव लागते. शेजारीच अकलोली आणि गणेशपुरी. या पाचएक किलोमीटरच्या टापूत गरम पाण्याचे वीसएक झरे आहेत. काही नदीकाठी, तर काही थेट नदीच्या पात्रात.

पुस्तकात या गावाचा इतिहास सुरू होतो तो वसईच्या मोहिमेपासून. गावाचे जुने नाव वडवली. देवीचे मूळ स्थान गुंज येथे होते आणि ते देऊळ पोर्तुगीजांनी पाडले, असे सांगतात. चिमाजी अप्पांनी वसई जिंकण्यासाठी देवीला नवस केला, मे १७३९ मध्ये किल्ला हाती आला आणि टेकडीवर देवीचे मंदिर उभे राहिले. मंदिराला किल्ल्यासारखा तट आहे आणि वर जायला बावन्न दगडी पायऱ्या. प्रवेशद्वारावरचा नगारखाना बडोद्याच्या गायकवाडांनी बांधला. पुढे, १९३६ च्या सुमारास, नित्यानंद स्वामी गणेशपुरीत येऊन राहिले. ८ ऑगस्ट १९६१ रोजी ते समाधिस्थ झाले आणि गणेशपुरीचे नाव देशाबाहेरही गेले.

हा सारा इतिहास खरा आहे आणि मला त्याचा अभिमानही आहे. पण यात पाणी कोठे आहे? चिमाजी अप्पांची फौज येण्यापूर्वीही ते वाहत होतेच.

लोककथा सांगते की देवीने राक्षस मारले, त्यांचे रक्त म्हणजे हे ऊन पाणी. शास्त्र निराळे सांगते. कोकणात आज जागृत ज्वालामुखी नाही. आपल्या काळ्या पाषाणाचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तो केव्हाच निवाला. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल खोल मुरते. दर किलोमीटर खोलीला जमिनीची उष्णता पंचवीस-तीस अंशांनी वाढत जाते. तेथे तापलेले पाणी वाटेतल्या खडकांतील क्षार आपल्यात विरघळवून घेते आणि मोठ्या भेग सापडली की उसळून वर येते. म्हणजे अकलोलीच्या कुंडात आपण ज्यात उतरतो तो फार जुना पाऊसच असतो! असे झरे पालघरपासून राजापूरपर्यंत, सह्याद्रीला समांतर, जणू एका ओळीत सापडतात.

आणि या ओळीतली गावांची नावे पाहा. पालीजवळ उन्हेरे, दापोली तालुक्यात उन्हवरे, राजापूरजवळ उन्हाळे. घाटापलीकडे गेलो तर चोपडा तालुक्यात उनपदेव, नांदेड जिल्ह्यात उनकेश्वर. या सगळ्यांत आपला ‘ऊन’ हा शब्द आहे. ऊन ऊन भात म्हणतो ना आपण, तोच. ही नावे कोण्या राजाने ताम्रपट काढून दिलेली नाहीत. ज्यांनी त्या पाण्यात प्रथम हात घातला आणि चटका बसून मागे घेतला, त्यांनी ती दिली असावीत. अक्षर न येणाऱ्या माणसांनी लिहिलेला हा इतिहासच नव्हे काय?

दूरदेशीही हेच घडलेले दिसते. इंग्लंडात रोमनांनी ज्या झऱ्यांवर स्नानगृहे बांधली त्या गावाचे नावच बाथ. जर्मनीत बाडेन-बाडेन, म्हणजे स्नान आणि पुन्हा स्नान. बोहेमियाच्या डोंगरातल्या कार्लोवी वारी गावाच्या नावात चौथा कार्ल राजा आहे आणि उकळते पाणीही आहे. राजाला आणि पाण्याला तेथे सारखा मान मिळाला. तेथे गटेसारखा महाकवी पाणी प्यायला जात असे, म्हणून त्या गावांवर ग्रंथ लिहिले गेले. आमच्याकडे मात्र वडवलीची वज्रेश्वरी झाली. देवीचे नाव राहिले, पाण्याचे नाव गावाला लागलेच नाही.

आमच्या कुंडांवर कोण येत होते? याचे उत्तर मला ग्रंथालयात मिळाले नाही, घरात मिळाले. माझी आजी वीटभट्टीवर चिखल तुडवून आणि पावसाळ्यात लोकांच्या शेतात आवणी करून संसार ओढत आली. गुडघे कायमचे आखडले. भट्टीचा हंगाम संपला की चार-पाच बायका मिळून वज्रेश्वरीला जात. भाकऱ्या बांधून न्यायच्या, अकलोलीच्या कुंडावर दिवसभर बसायचे. “ऊन पान्यान पाय सोरलं का बरा वाटतं,” एवढेच ती सांगते. हे पाणी सांधेदुखी मुळापासून बरी करीत नाही. उष्णतेने आखडलेले सांधे काही काळ मोकळे होतात, इतकेच. पण ज्या बाईला वर्षात दुसरी विश्रांती नाही, तिला हे ‘इतकेच’ केवढे मोठे असेल!

अलीकडे आजीला बावन्न पायऱ्या चढवत नाहीत. ती खालूनच देवीला हात जोडते आणि कुंडाकडे वळते. कुंडांना सूर्य, चंद्र, अग्नी, राम, सीता अशी नावे आहेत, पण तेथे कोणाचा शिलालेख नाही, वर्गणीदारांची पाटी नाही. पाण्यात उतरायला चढावे लागत नाही, हेच तिला पुरे असते.

मला आणखी एका गोष्टीचे नवल वाटते. याच तानसा नदीवर वरच्या अंगाला १८९२ मध्ये धरण पुरे झाले आणि तिचे थंड पाणी नळांतून मुंबईला गेले. त्या पाण्याचा हिशेब दरवर्षी ठेवला जातो, वर्तमानपत्रांत छापला जातो. ऊन पाणी मात्र जागीच राहिले, आणि त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही. ते किती थकल्या पायांना पुरले, हे कोणत्या दप्तरात सापडणार?

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिली. वर्गात ‘साधने’ शिकवतात, तेव्हा बखरी, कागदपत्रे, शिलालेख यांची नावे मी वहीत उतरवून घेते. आमच्या घरी तसला एकही कागद नाही. मग आम्हांला इतिहास नाही असे मी मानू काय? मला तसे मानता येत नाही. उन्हेरे, उन्हवरे, उन्हाळे या नावांत जो जपला गेला, आजीच्या एका वाक्यात जो आहे, तोही इतिहास आहे. फरक एवढाच की तो सांगणारी माणसे थोडी उरली आहेत आणि ती म्हातारी होत चालली आहेत.

म्हणून माझ्या मित्रमैत्रिणींना एक विनंती करावीशी वाटते. येत्या सुटीत आपापल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, ते विसाव्याला कोठे जात, कोणाबरोबर, काय बांधून घेऊन. आणि जे सांगतील ते त्यांच्याच बोलीत, सन-तारखेसह लिहून ठेवा. मी वहीचे पहिले पान सुरू केले आहे.