नित्याचें दर्शन

संस्कृत शिकणाऱ्या विद्यार्थ्यास आरंभींच एक कोडें पडतें. ‘दृश्’ धातूचें वर्तमानकाळीं ‘पश्यति’ असें रूप होतें. धातु तोच, परंतु रूप ओळखूं येत नाहीं. इ. स. १९२९ मध्यें जर्मनींतील स्टुटगार्ट शहरीं ‘फिल्म उंड फोटो’ नांवाचें जें प्रदर्शन भरलें, त्याचा वृत्तान्त वाचतांना मला ह्या कोड्याचें स्मरण झालें. तेथेंहि वस्तु नित्याच्याच होत्या. रूप मात्र पालटलें होतें.

‘डॉइचर वेर्कबुंड’ ह्या संस्थेनें तें १८ मे ते ७ जुलैपर्यंत भरविलें होतें. उत्तम छायाचित्र म्हणजे रंगविलेल्या चित्रासारखें मृदु व धूसर, असा पूर्वी अनेकांचा समज असे. येथें कॅमेऱ्यानें कॅमेऱ्यासारखेंच पाहावें, हा आग्रह होता. कार्ल ब्लॉसफेल्ट ह्यांनीं वनस्पतींचे कोंब व देठ अनेक पटींनीं मोठे करून दाखविले. तीं चित्रें पाहून देवळाच्या खांबावरील नक्षीच आठवावी. आमच्या ढाणकीच्या शिवारांत कपाशीचें बोंड उकलतें, तेंहि असेंच प्रेक्षणीय असतें. आपण मात्र भाव तेवढा विचारतों.

ह्या प्रदर्शनाचा अमेरिकन विभाग निवडणाऱ्या दोघांपैकीं एक एडवर्ड स्टायकेन. त्यांनींच पुढें १९५५ सालीं न्यूयॉर्क येथें ‘द फॅमिली ऑफ मॅन’ हें प्रदर्शन मांडलें. ६८ देशांतील ५०३ छायाचित्रांत विवाह, अपत्यजन्म, कष्ट, मृत्यु असे सर्वांच्या संसारांतील प्रसंग होते. १९५६ सालीं तें मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरींत आलें. स्टुटगार्टला वस्तूकडे वळलेली दृष्टि येथें मनुष्याकडे वळली होती.

आतां आपल्या घरच्या भिंतीकडे पाहावें. माझ्या मातोश्रींचें एकच छायाचित्र आहे. त्या खुर्चीवर ताठ बसल्या आहेत व दोन्ही हात पदराखालीं आहेत. ज्या हातांनीं पहांटे जातें ओढलें, पंधरा माणसांचा स्वयंपाक केला, ते हात त्यांत नाहींत. हा दोष छायाचित्रकाराचा नव्हे; टिपण्याजोगें काय, ह्याविषयीं सर्वांचीच कल्पना तेव्हां तशी होती.

आज घरोघरीं मोबाइल आहेत, चित्रांना तोटा नाहीं. तरी लग्न-मुंजींपलीकडे तीं क्वचितच जातात. वाचकहो, वडीलधारीं माणसें घरांत आहेत तोंवर, त्यांना नटवून उभें न करितां, तांदूळ निवडतांना, पोथी वाचतांना, नातीची वेणी घालतांना त्यांचें एखादें चित्र घेऊन ठेवावें. आजी कशी दिसत असे हें नातवंडांना कोणीहि सांगेल. ती दिवसभर काय करीत असे, हें त्या चित्रावांचून कळावयाचें नाहीं.