चमत्काराचे कारण आणि श्रद्धेचा आधार

पूर्व विदर्भातील ख्रिस्ती धर्माचा इतिहास निसर्गविज्ञानाच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. हा भाग नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात मोडत होता त्या काळी, १८४५ मध्ये, नागपुरास आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप धर्मप्रचार करता करता या प्रदेशातील खडक आणि जीवाश्म, म्हणजे दगडात टिकून राहिलेले प्राचीन जीवांचे अवशेष, गोळा करीत, आणि भूशास्त्रात त्यांचे नाव आजही घेतले जाते. अशी परंपरा असलेल्या भागात चमत्काराला वैज्ञानिक कारण सापडले की श्रद्धा कोसळते, हे गृहीतक तपासून पाहावे लागते.

उदाहरणार्थ, मार्च २०१२ मध्ये मुंबईतील इर्ला येथील वेलंकणी माता चर्चजवळच्या क्रूसावरील येशूच्या पायांतून पाणी ठिबकू लागले आणि काही भाविक ते तीर्थ म्हणून नेऊ लागले. विवेकवादी कार्यकर्ते सनल एडमारुकू यांनी पाहणी करून दाखवले की तुंबलेल्या सांडपाण्याची ओल केशाकर्षणाने भिंतीत चढत होती. केशाकर्षण म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांतून द्रव आपोआप वर ओढला जाणे, ज्यामुळे पणतीच्या वातीतही तेल चढते. एडमारुकू यांच्याविरुद्ध भारतीय दंड संहितेच्या कलम २९५-अ खाली, म्हणजे हेतुपुरस्सर धार्मिक भावना दुखावल्याच्या आरोपाखाली, तक्रारी झाल्या आणि त्याच वर्षी ते फिनलंडला गेले. गवंड्याने सोडवायचा प्रश्न पोलीस ठाण्यात नेण्याची गरज नव्हती, कारण चर्चने तो चमत्कार म्हणून अधिकृतपणे जाहीर केलेलाच नव्हता आणि त्या ओलीवर ख्रिस्ती धर्माचे एकही तत्त्व अवलंबून नव्हते.

बायबलमधील चमत्कारांच्या बाबतीत मात्र प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. इस्राएली लोकांसाठी समुद्र दुभंगल्याची कथा सांगताना निर्गमाचे पुस्तक स्वतःच रात्रभर वाहिलेल्या पूर्वेच्या वाऱ्याचा उल्लेख करते, आणि कार्ल ड्र्यूज या अमेरिकी संशोधकाने २०१० मध्ये संगणकीय प्रतिमानाच्या आधारे मांडले की नाईलच्या त्रिभुज प्रदेशात ताशी सुमारे १०० किलोमीटर वेगाचा वारा १२ तास वाहिल्यास उथळ पाणी मागे हटून सुमारे ४ तास वाट मोकळी राहू शकते. भाविकाला हे स्पष्टीकरण सोयीचे वाटते, पण त्याची किंमत मोठी आहे: चमत्कार मग पाण्यात न राहता वेळेच्या जुळणीत उरतो, जुळणीला योगायोग म्हणण्याची मुभा प्रत्येकाला असते, आणि घटना शक्य होती एवढ्यावरून ती घडली हे तर मुळीच सिद्ध होत नाही. चमत्कार निसर्गाविरुद्ध नसून निसर्गाविषयी माणसाला जे ठाऊक आहे त्याविरुद्ध असतो, हे संत ऑगस्टीन यांचे मत येथे उपयोगी पडते, तरी ते सर्वत्र पुरत नाही.

ते जेथे अपुरे पडते ती जागा म्हणजे येशूचे पुनरुत्थान. ख्रिस्त उठला नसेल तर विश्वास व्यर्थ, असे प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात स्पष्ट केले असल्यामुळे, येशू केवळ बेशुद्ध झाला होता किंवा शिष्यांना भास झाला अशी नैसर्गिक उपपत्ती स्वीकारून मूळ विश्वास जसाच्या तसा राखता येत नाही. तपासायला येथे भिंत नाही, आहे ती साक्ष. आणि तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी १७४८ मध्ये घातलेली अट, की साक्ष खोटी असणे हे चमत्कार घडण्याहूनही अधिक असंभाव्य असले पाहिजे, नास्तिक आणि ख्रिस्ती दोघांनी मान्य केली तरी मृताला उठवणारा देव आहे की नाही याविषयी दोघांची सुरुवातच वेगळी असल्याने त्यांच्या तराजूत त्याच साक्षीचे वजन वेगळे भरते.