मानेची टिपणं

१.
भाचीच्या डोक्यावर साडेतीन वर्षांच्या जटा. ती त्यांना ‘लॉक्स’ म्हणते, तिची आजी ‘जट’. या एका शब्दावरून दोघींचं बोलणं अधूनमधून बंद असतं. मान दुखते, हे मात्र दोघींना मान्य आहे.

२.
तंजावूर स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने तिला विचारलं, “सामियारा?” म्हणजे साध्वी आहेस का. ती म्हणाली, सॉफ्टवेअर. त्याने भाडं वाढवलं.

३.
तमिळमध्ये वेणीला ‘जडै’ म्हणतात. मूळ शब्द जटाच. आपल्याकडे तो न विंचरलेल्या केसांकडे गेला, इथे तेल लावून, विंचरून, रोज घातलेल्या केसांकडे.

४.
राजवाड्यातलं कलादालन. तिरुवेंकाडूचा वृषवाहन शिव, इ.स. १०११च्या सुमाराचं चोळ ब्राँझ. नंदी कधीच हरवलाय, हात मात्र अजून त्याच्या पाठीवर टेकल्यासारखा. लोक तो हात बघतात. आम्ही केस बघितले.

सगळ्या जटा डोक्याभोवती गुंडाळून पागोटं केलेलं. बटांच्या मधून साप. उंच काही नाही, पुढे-मागे झुकलेलं काही नाही. भार कवटीला धरून चहूबाजूंना सारखा बसलाय. भाची त्याच्याभोवती दोनदा फिरली, एका कोपऱ्यात गेली, टाळूवरचा उभा अंबाडा सोडला आणि ओढणी घेऊन तसंच पागोटं बांधून आली. म्हणाली, “मावशी, हजार वर्षं हे इथे होतं. मी तीन वर्षं फिजिओकडे पैसे भरतेय.”

५.
नटराजाच्या जटा दोन्ही बाजूंना आडव्या उडालेल्या, उजवीकडच्या बटांत एवढीशी गंगा. नाच चालू आहे तोवर ठीक. थांबल्यावर ते सगळं पाठीवरच येत असणार.

६.
माणसाचं डोकं साधारण ५ किलोचं. केनेथ हंसराज या अमेरिकी सर्जनने २०१४मध्ये हिशेब मांडला: मान १५ अंश वाकली तर तिच्यावर १२ किलोचा भार, ६० अंश वाकली तर २७ किलोचा. हिशेब मोबाइलमध्ये डोकं घालून बसणाऱ्यांसाठी होता. जटा त्यात धरलेल्या नाहीत.

भाचीकडे दोन्ही आहेत.

७.
गिनेस बुकात २००९ साली नोंदलेल्या सर्वांत लांब जटा ५.९६ मीटरच्या. धारण करणाऱ्या आशा मंडेला त्या गुंडाळून झोळीत घेऊन हिंडतात, बाळ घ्यावं तशा.

८.
फूलवाली कदंबम, म्हणजे मिश्र फुलांचा गजरा, विकते. मापाला मुळम, म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचा हात. तिचा हात लहान, म्हणून तिच्याकडे गर्दी नाही, असं शेजारचीने सांगितलं. जटेत गजरा खोचता येईना, पिनाही शिरेनात. शेवटी तिने पागोट्याच्या बुडाशी गोल फिरवून गाठ मारली. अर्धा मुळम जास्त लागला. त्याचे पैसे घेतले नाहीत.

९.
भरतनाट्यमच्या मुली नाचाआधी खोटे केस जोडतात, इथे ‘सवुरी’, आपलं गंगावन. त्यावर जडैनागम् हा वेणीवरचा दागिना, खाली तीन गोंड्यांचं कुंजलम्. एवढं वजन घेऊन गिरकी कशी घेता, विचारलं. एकीने पाठ दाखवली: वेणी कमरपट्ट्याखाली अडकवलेली. सुटी ठेवली तर गालावर बसते, आणि मानेला झटका वेगळा.

जटाधारी मंडळींनी हे उचलायला हरकत नाही.

१०.
गंगावन. शंकराच्या जटेत गंगा, आणि आपल्या खोट्या वेणीच्या नावात गंगा. पुढे काही म्हणायचं नाही, शब्द नुसता लिहून ठेवला.

११.
भाचीने स्वतःच्या वहीत केलेली यादी, तिच्या परवानगीने:

टाळूवर उंच बांधायचं नाही. उंची वाढली की मानेवरची तरफ वाढते. ओल्या असताना तर अजिबात नाही, जट स्पंजासारखं पाणी पिते, म्हणून सकाळीच धुवायच्या आणि झोपेपर्यंत पुऱ्या वाळवायच्या. मुळाशी घट्ट आवळायचं नाही. ताणाने कपाळावरचे केस जातात आणि सगळेच परत येत नाहीत. लांबचा प्रवास असेल तर दोन भाग करून खांद्यांवरून पुढे. झोपताना अंगाखाली दाबायच्या नाहीत, उशीच्या वरच्या कडेवरून मागे सोडायच्या.

“आणि थोड्या कापायच्या,” मी म्हणाले. तिने वही मिटली.

१२.
तंजावूरची राजा-राणीची बाहुली. बुडाशी माती भरलेली, वर सगळं हलकं. कितीही ढकला, उठून बसते. दुसरी नाचरी, तिचं डोकं नुसतं टेकवलेलं असतं, म्हणून ते डुलतं. जोर कोणाच्याच मानेवर नाही.

१३.
तंजावूरच्या मोठ्या देवळाच्या विमानावर घुमट. तो म्हणजे ८० टनांचा एकच अखंड दगड, असं प्रत्येक गाइड सांगतो. अभ्यासकांना अखंड हे मान्य नाही. घुमटाच्या खालच्या अरुंद भागाला शिल्पशास्त्रात ग्रीवा म्हणतात. देऊळ राजराज चोळाने १०१०मध्ये बांधून पुरं केलं. ग्रीवेची तक्रार नाही.

१४.
शहराबाहेर पुन्नैनल्लूरची मारिअम्मन. देऊळ तंजावूरच्या मराठी गादीचे संस्थापक एकोजी यांच्या काळातलं सांगतात. मारिअम्मन म्हणजे रेणुका, अशी एक तमिळ कथा आहे. रेणुका म्हणजे सौंदत्तीची यल्लम्मा.

मारिअम्मनच्या दारात बायका केस उतरवून डोक्याला चंदन फासून निघतात. यल्लम्माच्या नावाने बाईच्या केसांत गुंता झाला, की ती देवीची जट. कापली तर कोप.

एकच देवी.

१५.
लहानपणी आमच्या गल्लीत भाजी विकायला एक बाई यायची. जट कंबरेपर्यंत, हळदीकुंकवाने माखलेली. पाटी उचलताना ती जट डोक्यावर वेटोळं करून बसवायची आणि त्यावर पाटी. चुंबळ लागत नाही, म्हणायची, देवीने दिली. पाटी उतरवली की दोन्ही हातांनी मान धरून थोडा वेळ उभी राहायची. आम्ही मेथी निवडत असायचो.

१६.
पुण्याच्या, अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या नंदिनी जाधव गावोगाव जाऊन अशा जटा कापतात. पूर्वी ब्युटीपार्लर चालवत. आजवर शेकडो बायका. कात्री चालवायला फार वेळ लागत नाही. घरच्यांना पटवायला लागतो.

१७.
भाचीला हे सांगितलं. ती म्हणाली, “माझं वेगळं आहे, मी ठेवल्यात.” वेगळं आहेच. मग बराच वेळ गप्प होती.

१८.
परतीच्या गाडीत तिला वरचा बर्थ आला. पागोटं छताला लागेना का, पण मान वाकवून बसावं लागत होतं. माझा खालचा तिला दिला. रात्रभर छान झोपली. सकाळी मान आखडली ती माझी.